ओयुगी गुरुजी आणि सहा दातांची फट

डॉक्टर जोराम ओयुगींच्या हिरडीत जन्मभरात किती सुया टोचल्या गेल्या, ते सांगणं अवघड आहे. किसुमूच्या दंतविद्यालयात दरवर्षी नव्या पोरांना भूल द्यायला शिकवायची वेळ आली, की पहिली सुई गुरुजींच्या तोंडात, असा त्यांचा स्वतःचाच दंडक. इतर ठिकाणी पोरं एकमेकांना टोचून शिकतात. गुरुजींना ते पटायचं नाही. "घाबरलेल्यानं घाबरलेल्याला टोचलं तर शिकत कुणीच नाही, नुसते दोघं ओरडतात," असं म्हणून ते स्वतः खुर्चीत आडवे व्हायचे, आ वासायचे, आणि ज्याचा हात सगळ्यात जास्त थरथरतोय त्यालाच बोटानं जवळ बोलवायचे. सुई आत गेली की घशातून दोनदा 'हं' करायचे. त्या दोन्ही 'हं'चे अर्थ पोरांना पाठ होते. पहिला म्हणजे जागा बरोबर आहे. दुसरा म्हणजे हळू ढकल, मला अजून जेवायचंय.

एका वर्षी एका पोरानं उत्साहाच्या भरात दोन्ही बाजूंना भूल दिली. नेमकी त्याच दुपारी गुरुजींच्या पुतणीच्या सोयरिकीची बैठक होती आणि मुलीकडून बोलायचं गुरुजींनी. ओठ लोंबलेला, जीभ लाकडाची. गुरुजी बापडे गप्प बसून राहिले. समोरच्यांना वाटलं, काका भलतेच नाराज दिसतात! त्यांनी आपसात कुजबुज केली आणि आपणहून मुलीच्या देजात दोन गाई वाढवल्या. गुरुजी तरीही गप्प. शेवटी मुलाचा मामा हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता तरी हसा!" गुरुजी हसायला गेले, तर वरचं अर्धंच तोंड हसलं. लग्न झालं. पुतणी अजून सांगते की त्या दोन गाई काकांच्या ओठाच्या.

तर असा हा माणूस. जन्म किसुमूजवळच्या सेमेचा, बाप तिथल्या सरोवरावर होड्या बांधायचा. हातात ते कसब बापाकडूनच आलेलं. फळीला फळी अशी बसवायची की पाणी शिरता कामा नये, हेच पुढं गुरुजींनी दातांना लावलं. भुलीची काचेची कुपी ते आधी मुठीत धरून ऊब द्यायचे, म्हणजे आत जाताना चरचरत नाही. आणि पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "पेशंटला आधी नाव विचारा, मग तोंड उघडायला सांगा. उघड्या तोंडानं नाव सांगता येत नाही." पोरं हसायची. पण पाच वर्षांत कुणी नाव न विचारता आरसा तोंडात घातला, की गुरुजी मागून येऊन त्याच्याच खांद्यावर टकटक करायचे, "काय रे, ह्या दाढेच्या मालकाचं नाव काय?"

आता ज्या अपोंदीची ही गोष्ट आहे ती गुरुजींची विद्यार्थिनी. किसुमू शहरातच वाढलेली, अभ्यासात तेज, हाताला हलकी; पण नशीब असं की शेवटच्या परीक्षेला एकदा बसून घरी परत आलेली. चूक तिची नव्हती. शेवटच्या परीक्षेत एका बोळक्या माणसाला वरची-खालची पूर्ण कवळी करून घालावी लागते, आणि परीक्षेच्या दिवशी तो माणूस कवळीसकट हजर लागतो. अपोंदीनं पहिल्या वेळी एका कोळ्याला इतकी सुंदर कवळी करून दिली, की तो आरशात स्वतःला बघून खूष झाला आणि त्याच आठवड्यात दुसरं लग्न करायला मोम्बासाला निघून गेला. परीक्षक येऊन बसले, खुर्ची रिकामी. नापास. विद्यालयाचा नियम असा की दोनच संधी. दुसऱ्यांदा हुकली की पाच वर्षं पाण्यात, डॉक्टर हा शब्द नावाच्या मागे न लावता घरी जायचं.

म्हणून दुसऱ्या वेळी अपोंदीनं पेशंट निवडला तो पारखून. पंच्याहत्तरीचा, एका बायकोचा, कुठंही पळून न जाणारा. नाव ओदेरो मागाक. आमच्याकडं हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. न्यातिती वाजवणारा गवई. आठ तारांचं ते वाद्य मांडीशी टेकवून, बुटक्या चौरंगावर बसून, पायाच्या अंगठ्यातल्या लोखंडी कडीनं लाकडावर ठेका धरत ओदेरो गायला लागला, की मयताला आलेली माणसं दुसऱ्या दिवशीसुद्धा घरी जायचं नाव घ्यायची नाहीत. पण दात एकेक करत गेले, तोंडाचं झालं बोळकं, गाल आत गेले, आणि शब्द सगळे ओलसर पडायला लागले. दोन वर्षं झाली, म्हातारा गाणं सोडून बसला होता.

"आजोबा, मी तुम्हाला परत गायला लावते," अपोंदी म्हणाली.

"पोरी, तू आधी मला भाजलेलं कणीस खायला लाव. गाण्याचं मग बघू."

चार महिने काम चाललं. ठसे घेतले, मेणाचे साचे झाले, वरचा जबडा खालच्यावर कसा टेकतो ते पाहिलं. गुरुजी प्रत्येक पायरीला मागं उभे. एकदा त्यांनी स्वतः म्हाताऱ्याच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, पुढच्या बाजूला थोडं थांबले, आणि "हं" म्हणून सही केली. अखेर कवळी तयार झाली. वर चौदा, खाली चौदा, अठ्ठावीस दात कसे ओळीनं मांडलेले, पुस्तकातल्या चित्रासारखे. घातली त्या दिवशी सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं आरसा घेतला. बराच वेळ पाहिलं. मग आरसा पालथा ठेवला, अपोंदीच्या डोक्यावर हात ठेवला, "देव तुझं भलं करो" म्हणाला आणि गेला.

अपोंदीला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नसेल.

आठव्या दिवशी सकाळी म्हातारा दारात उभा. तोंड पुन्हा बोळकं, कवळी रुमालात बांधलेली, आणि पुढं त्याची बायको. तिचं माहेर उयोमाचं, म्हणून सगळा गाव तिला उयोमाची लेक म्हणतो. सत्तरीची बाई, पण आवाज असा की सरोवराच्या पलीकडच्या होडीनं वळून बघावं.

"कुठं आहे तो डॉक्टर? माझा नवरा मला परत द्या!"

गुरुजी हात पुसत बाहेर आले. "वहिनी, बसा तरी आधी. नवरा तर तुमच्या मागंच उभाय."

"हा आत्ता उभाय! आठ दिवस माझ्या घरात भलताच बाप्या जेवत होता. कुत्रं भुंकलं, डॉक्टर, कुत्रं! मी म्हटलं असू दे, दात नवे आहेत, बसतील. परवा शेजारी मयत होतं. दोन वर्षांनी ह्यांनी वाद्य काढलं, तारा लावल्या, सगळी माणसं गोळा झाली. आणि पहिला शब्द काढला तर काय! शिट्टी! जीभ नेहमीच्या वाटेनं जायला बघते तर पुढं कुंपण! आमच्यात गाणं थांबवून माणूस स्वतःची थोरवी सांगतो, तुम्हाला ठाऊक आहे. परवा एकानं गाणं थांबवलं आणि विचारलं, गातंय कोण?"

माणसं दारात जमायला लागली. म्हातारा खाली बघत होता.

"आणि ह्यांच्या बरोबरीचा तो ओबोन्यो, तो काय म्हणाला ते सांगा की हो! सांगत नाहीत, मी सांगते. म्हणाला, काय रे ओदेरो, सोळाव्या वर्षी दिलेले सहा दात आता परत मागून आणलेस? तेव्हा रडला नव्हतास, मग आता रडलास वाटतं?"

अपोंदीला काही कळेना. कुठले सहा दात? पण तिनं गुरुजींकडं पाहिलं, तर गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला होता.

"अरे देवा," ते म्हणाले. "खालचे पुढचे."

जुन्या पिढीत पोरगं वयात आलं, की त्याचे खालचे पुढचे सहा दात, चार पटाशीचे आणि दोन्ही बाजूंचे सुळे, काढले जात. लोखंडी पात्यानं, भरदिवसा, सगळ्यांसमोर, आणि भूल-बिल काही नाही. डोळ्याची पापणी हलली तरी जन्मभर टोमणे. ज्यानं ते निमूट सोसलं तो माणसांत आला. ती फट म्हणजे त्याची ओळख. तिच्यातून तो बोलायचा, गायचा, मडक्यातल्या पेयाची लांब नळी तिच्यातच रोवून बसायचा. मिशनच्या शाळा आल्या आणि ती रीत हळूहळू बंद झाली. अपोंदीच्या पिढीनं ती फट क्वचितच पाहिलेली. आणि ओदेरो खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. सगळंच घर रिकामं असताना त्यातली कुठली खोली साठ वर्षांपासून रिकामी आहे हे त्या पोरीला कळणार कसं?

"चूक तुझी नाही, माझी आहे," गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले. "तिथली हिरडी गुळगुळीत सपाट होती. माझ्या बोटाला कळलं होतं. डोक्यानं ऐकलं नाही. माझ्या बापाच्या तोंडात हीच फट होती, वहिनी. लहानपणी मी त्याला भुईमुगाचा दाणा त्या फटीतून भरवायचो, त्यानं दात न उघडता! आणि मी म्हातारा होऊन अठ्ठावीस दातांवर सही करून बसलो." मग ते ओदेरोकडं वळले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "दादा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

म्हातारा ओशाळून हसला. "पोरीनं चार महिने घातलेले. टाळ्या वाजवत होते सगळे. कसं बोलू?"

उयोमाच्या लेकीनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की चाळीस वर्षांचा संसार त्या एका नजरेत आला. "बघितलंत? असं हे ध्यान!"

परीक्षा चार दिवसांवर होती.

दुपारी अपोंदी प्रयोगशाळेत कवळी समोर ठेवून बसली. तिची मैत्रीण लिलियन शेजारी येऊन टेकली. "वेडी आहेस का तू? विचार काय करतेस? परीक्षेच्या दिवशी दोन तास घालायला लाव ही कवळी. पास झालीस की मग हवे तितके दात काढ. सहा काय, सोळा काढ!"

"आणि परीक्षक म्हणाल्या गाऊन दाखवा, तर?"

"कवळीच्या परीक्षेत गाणं कोण म्हणायला लावतं? पुस्तकात काय आहे? पूर्ण कवळी, अठ्ठावीस दात. बावीस ठेवशील तर पहिल्याच ओळीत फुली. आणि परीक्षक कोण येतायत ठाऊक आहे ना? दार-एस-सलामच्या किसांगाबाई. त्या बाईंनी गेल्या वर्षी पाचातले तीन पाडले."

म्हातारा व्हरांड्यात बसून सगळं ऐकत होता. तो आत आला. "पोरी, ती सांगते ते खरंय. मी घालीन त्या दिवशी. साठ वर्षांपूर्वी पातं सोसलं, दोन तास दात सोसायला काय होतंय?"

अपोंदी उठली आणि गुरुजींच्या खोलीत गेली. गुरुजी भाजलेलं रताळं सोलत होते. अर्धं तिला दिलं.

"गुरुजी, मी काय करू?"

"पेशंट कुणाचा?"

"माझा."

"मग मला कशाला विचारतेस?" गुरुजींनी टेबलाच्या खणातून परीक्षेचा छापील कागद काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "फक्त ही एक ओळ वाच. 'रुग्ण समाधानी आहे काय?' इथं तू काय लिहिणार, तेवढं ठरव. जे लिहिशील त्याच्याखाली माझी सही असेल. हो लिहिलंस तरी, नाही लिहिलंस तरी."

"आणि किसांगाबाईंनी पाडलं तर?"

"तर मी त्यांच्याशी भांडीन. पण मी जिंकेन असं सांगत नाही. उगाच खोटं कशाला?" मग म्हणाले, "रताळं गार होतंय."

अपोंदीनं रताळं खाल्लं, हात धुतले, प्रयोगशाळेत गेली आणि चक्र सुरू केलं. लिलियन किंचाळली. पण तोवर पहिला दात निघाला होता. एकामागून एक सहा दात तिनं कवळीतून कापून काढले, मधली जागा हिरडीच्या रंगाच्या गुलाबी लुकणानं भरली, घासली, पुन्हा घासली, जिभेला कुठं खुपू नये म्हणून स्वतःच्या ओठावरून फिरवून पाहिली. दोन दिवस ती तेच करत होती. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं कवळी घातली, तोंड उघडलं, आणि उयोमाची लेक पुढं वाकून, डोळे बारीक करून बघायला लागली. बघता बघता तिनं तोंडाला पदर लावला.

"काय गं आजी?" अपोंदी घाबरली.

"काही नाही गं," म्हातारी म्हणाली. "आमच्या लग्नात असाच दिसायचा मेला."

परीक्षेच्या दिवशी खोलीत बारा खुर्च्या, बारा बोळके पेशंट आणि बारा घामाघूम पोरं. किसांगाबाई उंच, कडक इस्त्रीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चेहरा असा की पेशंट न सांगता तोंड उघडायचे. सातव्या खुर्चीपाशी आल्या. अपोंदी उभी. गुरुजी भिंतीला टेकून, हात पाठीमागं.

"नाव?" बाईंनी विचारलं.

"अपोंदी ओन्यांची, मॅडम."

"तुमचं नाही. पेशंटचं."

गुरुजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. अपोंदीनं सांगितलं, "ओदेरो मागाक, मॅडम. गवई आहेत."

बाईंनी आरसा घातला. दात मोजायला लागल्या. वरचे चौदा झाले. खालचे मोजता मोजता थांबल्या. पुन्हा मोजले. चष्मा वर केला.

"बावीस."

"होय, मॅडम."

"सहा कुठे आहेत?"

अपोंदीनं काय काय पाठ करून ठेवलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना. ती म्हणाली, "ते त्यांनी सोळाव्या वर्षीच देऊन टाकले, मॅडम. परत द्यायचा मला अधिकार नव्हता."

खोलीत सगळ्यांचे कान इकडं लागले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते अपोंदीला दिसलं नाही, पण लिलियनला तिसऱ्या खुर्चीपासून दिसलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर ओयुगी," बाई वळल्या, "ही सही तुमची?"

"माझीच."

"पुस्तक तुम्ही शिकवता की नाही?"

"शिकवतो. पान नव्वद तेवढं मी उशिरा शिकवलं. त्यात लिहिलंय, कवळीतले दात त्या माणसाच्या मूळच्या दातांसारखे असावेत. ह्यांच्या तोंडात साठ वर्षं जे होतं, ते हेच."

"हे तुम्ही सोयीनं वाचताय."

"मॅडम, तुम्ही तपासून तरी बघा. डळमळली तर पाडा. मी स्वतः पोरीला घरी सोडून येईन."

बाईंनी तपासली. दोन्ही बाजूंनी दाबली, ओढली, हलवली. कवळी हलली नाही. भाजलेल्या कणसाचा तुकडा दिला. म्हाताऱ्यानं दाणे सगळे खाऊन बुरकुंड परत दिलं. उरली बोलायची चाचणी. त्यासाठी एक छापील उतारा मोठ्यानं वाचायचा असतो. बाईंनी तो पुढं केला. म्हाताऱ्यानं कागद उलटा धरला.

"मला वाचता येत नाही, लेकी," तो म्हणाला. "गाऊ का?"

बाईंनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी समोरच्या भिंतीकडं पाहत होते. "बोलणं ऐकायचंय, गाणं बोलण्यातच येतं," बाई जरा वैतागूनच म्हणाल्या. "चार ओळी."

उयोमाची लेक दाराबाहेर वाद्य घेऊन जणू टपूनच बसली होती. चौरंग आत आला, न्यातिती मांडीशी आली, अंगठ्यात कडी चढली. ओदेरोनं एकदा तारांवरून बोटं फिरवली, आणि अंगठा उचलून लाकडावर ठेका दिला. मग गायला लागला.

"मी ओदेरो, कानोच्या लेकीचा लेक,
माझ्या तोंडाचं दार साठ वर्षं उघडं,
वाऱ्यानं विचारलं, आत येऊ का?
मी म्हटलं, ये, गाणं बाहेर चाललंय..."

दोन वर्षांत कुणी तो आवाज ऐकला नव्हता. शब्द असे फटीतून निघत होते, गोल, खणखणीत, आपापल्या जागी. शेजारच्या खुर्चीतली बोळकी म्हातारी हात हलवायला लागली. औषधं वाटणाऱ्या बायका दारात आल्या, झाडू घेतलेला ओपियो खिडकीत आला, रांगेतले पेशंट पाठोपाठ. चार ओळींच्या झाल्या आठ, आठच्या सोळा.

बाईंना अजून पाच खुर्च्या तपासायच्या होत्या. त्यांनी हात वर केला. "थांबा. पुरे."

ओदेरोची बोटं तारांवर जागच्या जागी थांबली. अंगठा हवेत. खोली एकदम चूप. आणि मग म्हातारा अत्यंत आदरानं म्हणाला, "बोला, बाई."

"काय बोलू?"

कुणी हसेना. गुरुजी भिंतीपासून पुढं आले आणि स्वाहिलीत, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, इथली रीत आहे. वाजतं गाणं ज्यानं थांबवलं, त्यानं आपली थोरवी सांगायची. आपण कोण, कुणाचे, आपल्यात मोठं काय. ते सांगितल्याशिवाय तार पुढं वाजत नाही. तुम्ही थांबवलंत. आता सगळे वाट बघतायत."

किसांगाबाईंनी दाराकडं पाहिलं. तीस-चाळीस माणसं. खिडकीकडं पाहिलं. तिथं अजून वीस. ओदेरोचा अंगठा अजून हवेतच होता.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"मी रेहेमा," त्या म्हणाल्या. आवाज आधी परीक्षकाचाच होता. "रेहेमा किसांगा. म्ट्वाराची. बिबी सोमोएची नात." उयोमाच्या लेकीनं "बोल, पोरी!" अशी आरोळी ठोकली, आणि बाईंचा आवाज जरा मोकळा झाला. "मी ती, जिनं सत्तावीस वर्षांत डळमळणारी एकही कवळी पास केली नाही. मी ती, जिला बघून पोरं रात्रीचं जेवत नाहीत!"

"खरंय! खरंय!" बारा घामाघूम पोरं एका आवाजात ओरडली.

"आणि माझी आजी... माझ्या आजीचे वरचे दात कानशीनं घासून टोकदार केलेले होते. आमच्याकडं तसंच. ती हसली की वाघीण हसल्यासारखी दिसायची, आणि गावात तिच्याइतकं सुंदर कुणी नव्हतं. ती म्हातारी झाली तेव्हा मी शिकत होते. मी माझ्या हातांनी तिला कवळी केली." बाईंनी तोंडापुढं बोट नेलं. "सपाट दातांची. पुस्तकातल्यासारखी. तिनं मला आशीर्वाद दिला, आणि ती कवळी कधीच घातली नाही. का नाही घातली, ते मला आज कळलं."

मग बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, मघाशी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली नवं काहीतरी लिहिलं आणि तो कागद उंच धरला. "मी रेहेमा! जिनं बावीस दातांची कवळी पहिल्या नंबरात पास केली! आजोबा, वाजवा!" आणि तो कागद त्यांनी अपोंदीच्या हातात ठेवला.

अंगठा खाली आला तो असा, की खुर्च्यांचे पाय थरथरले. बायकांनी जीभ हलवत लांबलचक आरोळ्या दिल्या. अपोंदी रडत होती आणि हसत होती, आणि लिलियननं तिच्या गळ्यात पडून तिचा पांढरा कोट भिजवून टाकला. उरलेल्या पाच खुर्च्यांवरचे पेशंटसुद्धा तोंडात कवळी घट्ट धरून ठेक्यावर माना हलवायला लागले. त्या दिवशी बारापैकी अकरा जण पास झाले. बारावा नाचताना पेशंटची कवळी पाडून बसला, त्याला कोण काय करणार?

पण गाणं संपलेलं नव्हतं. कुणीतरी मागून ओरडलं, "गुरुजी! थांबवा, गुरुजी!" मग सगळेच ओरडायला लागले. जोराम ओयुगींनी आयुष्यात कधी गाणं थांबवलं नव्हतं. मयतात, लग्नात ते कोपऱ्यात बसून ऐकायचे, दुसऱ्याची थोरवी ऐकून टाळ्या वाजवायचे, आणि आपली पाळी येईल असं वाटलं की पाणी प्यायला उठायचे. आताही ते दाराकडं सरकले. दारात उयोमाची लेक आडवी उभी.

"कुठं निघालास, डॉक्टर? माझा नवरा दिलास, आता स्वतःचं नाव दे!"

गुरुजी मागं वळले. हात वर केला. बोटं थांबली, अंगठा थांबला. पहिल्या वर्षाच्या पोरानं सुई धरावी तसा त्यांचा हात थरथरत होता.

"मी जोराम," ते म्हणाले. "सेमेचा. होडी बांधणाऱ्याचा पोरगा." घसा साफ केला. काय सांगावं ते आठवत असल्यासारखे खोलीभर बघत राहिले. त्यांची नजर अपोंदीवर गेली, तिच्या हातातल्या कागदावर गेली, आणि एकदम त्यांचं सगळं तोंड हसलं.

"मी त्या डॉक्टरीणबाईचा मास्तर," ते ओरडले, "जिच्या कवळीत सहा दात कमी आहेत!"

त्या आरोळीत पुढचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. ओदेरोनं तेच नाव उचललं, तारेवर घातलं, ठेक्यात बांधलं, आणि पुढं आमच्याकडच्या प्रत्येक मयतात आणि प्रत्येक लग्नात सरोवराच्या दोन्ही काठांवर ते वाजत राहिलं. गुरुजी बाजारातून चालले की मासे विकणाऱ्या बाया हाक मारायच्या, "ओ सहा दात कमीचे मास्तर, इकडं या, ताजी आहे!" आणि गुरुजी थांबायचे, टोपी काढायचे, आणि मासळी बघायच्या आधी त्या बाईला तिचं नाव विचारायचे.